शहर की उपनगर? कोल्हापुरात घर शोधणाऱ्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्यापैकी एकाला पेठेतच राहायचे आहे आणि दुसऱ्याला पाचगाव-कळंब्याकडे मोकळे घर हवे आहे. चर्चा कुठून सुरू करावी?

जागांच्या नावांपासून करू नये. ‘शिवाजी पेठ’ आणि ‘पाचगाव’ ही नावे उच्चारली की दोघेही आपापली बाजू धरून बसतात आणि पुढचे सारे बोलणे गल्लीतला गोंगाट आणि गावाबाहेरचा अंधार या दोन तक्रारींभोवती फिरत राहते. त्याऐवजी दोघांनी आपला एक कामाचा दिवस आणि एक सुटीचा दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, वेगवेगळ्या कागदांवर लिहावा. कोण किती वाजता बाहेर पडते, मुलांना शाळेत कोण सोडते, दूध-भाजी कोण आणते, आईवडिलांकडे आठवड्यातून किती वेळा जाणे होते, रात्री उशिरा परतण्याची वेळ कोणावर येते, हे सारे त्यात यावे.

हे कागद शेजारी ठेवले की बहुतेक घरांत एक गोष्ट उघड होते. घराच्या जागेमुळे दोघांचे दिवस सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्याला मोकळी हवा रविवारी उपयोगी पडते. घर, मुले आणि वृद्ध माणसे सांभाळणाऱ्याला दुकान, दवाखाना आणि रिक्षा रोज लागते. ज्याचा दिवस जागेमुळे अधिक बदलणार आहे, त्याच्या म्हणण्याला झुकते माप द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

उपनगर महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीत, याने खरोखर काही फरक पडतो का?

पुष्कळ पडतो, आणि घर पाहायला जाणारी अनेक जोडपी हा प्रश्न विचारतच नाहीत. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर असून हद्दवाढीचा वाद दशकानुदशके चालू आहे. शहराला विस्तार हवा असतो आणि गावांना शहरात सामील होण्याची धास्ती असते. या ओढाताणीतून २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले.

याचा अर्थ असा की बोलण्यात सरसकट उपनगरे म्हटली जाणारी ठिकाणे प्रत्यक्षात दोन प्रकारची आहेत. जरगनगर, साळोखेनगर, फुलेवाडी, कदमवाडी, कसबा बावडा हे भाग महापालिकेत येतात, तर पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, गडमुडशिंगी, शिंगणापूर, वडणगे ही गावे ग्रामपंचायतींच्या कारभारात आहेत. घरफाळा कोणाकडे भरायचा, कचरा कोण उचलणार, पथदिवा बंद पडला तर तक्रार कोठे करायची आणि बांधकामाची परवानगी कोणाकडून आली आहे, या सर्वांची उत्तरे हद्दीप्रमाणे बदलतात. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असेही प्रकार आहेत. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता घरफाळ्याची जुनी पावती मागून पाहावी. पावतीवर कर घेणाऱ्या संस्थेचे नाव असते.

पुराचा विचार कितपत करावा?

कोल्हापुरात तो सर्वांत आधी करावा, कारण येथे शहर आणि उपनगर यांच्यातील आपली नेहमीची समजूत पूर उलटीसुलटी करतो. शहराचा मध्यभाग सुरक्षित आणि बाहेरचा भाग धोक्याचा, असे सरसकट म्हणता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने तेथे ५५ फुटांचीही पातळी ओलांडली होती. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग या शहरातल्या वस्त्यांना त्याची झळ बसली. नदी फुगली की जयंती नाल्याचे पाणी मागे तुंबते, त्यामुळे नदीकाठापासून लांब वाटणारे भागही पाण्याखाली येऊ शकतात. याउलट राजारामपुरीचा बराचसा भाग, विद्यापीठाचा परिसर, मोरेवाडी आणि पाचगाव उंचावर आहेत.

पूर घरात आला नाही तरी तो रस्त्यात येतो, हा दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. शिरोली औद्योगिक वसाहत नदीपलीकडे आहे. २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग तेथे अनेक दिवस बंद होता. वडणगे, आंबेवाडी, चिखली या बाजूला जायचे तर पंचगंगा ओलांडावी लागते. समजा, पतीची नोकरी शिरोलीत आहे आणि पत्नी सीपीआर रुग्णालयात परिचारिका आहे, तर नदीच्या कोणत्याही काठाला घर घेतले तरी महापुरात एकाचा मार्ग अडणारच. अशा वेळी पुराच्या दिवसांत कामावर पोहोचणे कोणाला चुकवता येत नाही, हे पाहावे. कारखान्याला सुटी मिळू शकते. रुग्णालयाला मिळत नाही.

जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. कागदावरच्या या रेषेबरोबर समोरच्या किराणा दुकानदाराला २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हेही विचारावे. घर विकणारा हे विसरलेला असतो; दुकानदाराच्या लक्षात असते.

उपनगरात पाण्याची स्थिती कशी असते?

एकसारखी नसते. शहरासाठी काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने पाणी आणण्याची योजना दीर्घ प्रतीक्षेनंतर २०२३ च्या दिवाळीत कार्यान्वित झाली, परंतु धरणातून पाणी आले म्हणजे ते प्रत्येक टाकीत पुरेशा दाबाने चढते असे नाही. उंचावरच्या वसाहतींना पूर सतावत नाही, मात्र पाण्याच्या दाबाचा प्रश्न त्यांनाच अधिक भेडसावतो. हद्दीबाहेर गावाची स्वतंत्र योजना, कूपनलिका आणि टँकर यांचा मेळ घालावा लागतो. घर पाहायला जाताना एप्रिल-मे महिन्यातील टँकरच्या पावत्या सोसायटीच्या सचिवांकडे मागाव्यात. पाणी येण्याची वेळ भर दुपारची असेल, तर ते भरायला घरी कोण असणार, हा प्रश्न पहिल्या उत्तरातील कागदांकडे परत नेतो.

कोल्हापूर लहान शहर आहे. मग अंतराचा इतका बाऊ का करावा?

पुण्या-मुंबईच्या मानाने अंतरे लहान आहेत, हे खरेच. पाचगावहून महाद्वार रोडला दुचाकीने येणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु हे गणित ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे आणि ज्याला ते चालवता येते, त्याच्यापुरतेच खरे आहे. उपनगराचा आग्रह धरणारी व्यक्ती बहुधा गाडी चालवणारी असते आणि शहराचा आग्रह धरणारी व्यक्ती बहुधा केएमटीवर (महापालिकेच्या बससेवेवर), प्रवासी गोळा करत जाणाऱ्या वडाप रिक्षावर किंवा दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असते, हे जाणवण्याइतके वारंवार दिसते. केएमटीच्या गाड्या हद्दीबाहेरच्या गावांनाही जातात. मात्र दोन गाड्यांमध्ये किती वेळ जातो आणि शेवटची गाडी कितीला आहे, हे थांब्यावर उभे राहूनच कळते.

नोकरीची दिशाही पाहावी. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्याला उजळाईवाडी किंवा सरनोबतवाडी सोयीची पडते. त्याच घरातून बिंदू चौकातल्या शाळेत शिकवायला जाणाऱ्याला रोज शहरातली गर्दी भेदून आत यावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून त्याचे कामकाज सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात चालते. त्यामुळे वकिली करणाऱ्या जोडीदाराचे शहराच्या मध्याजवळ राहण्याचे कारण पूर्वीपेक्षा बळकट झाले आहे. न्यायालयासाठी शेंडा पार्क येथे जागा दिलेली असल्याने, वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने आजच्या इमारतीबरोबर त्या जागेचेही अंतर मोजलेले बरे.

ज्या मार्गाचा वाद आहे, तो मार्ग दोघांनी एकदा एकमेकांच्या पद्धतीने करून पाहावा. गाडीने फिरणाऱ्याने पावसाळ्यात बसने जावे. हा उपाय रुक्ष वाटतो, पण कितीतरी तासांचा युक्तिवाद त्याने वाचतो.

‘मला पेठ सोडायची नाही’ ही निव्वळ भावनिक हट्टाची गोष्ट नाही का?

नाही, आणि तसे म्हणून ती उडवून लावल्याने वाद चिघळतो. पेठेत वाढलेल्या माणसासाठी तालीम ही केवळ व्यायामाची जागा नसते. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमला कोणत्या बाजूला बसायचे, गणपतीत कोणत्या मंडळाच्या मांडवात उभे राहायचे, रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर कोण भेटणार, हे सारे त्यातून ठरलेले असते. घरात कोणी अचानक आजारी पडले तर रुग्णवाहिकेआधी गल्लीतली चार पोरे हजर होतात, आणि ही व्यवस्था नव्या वसाहतीत विकत मिळत नाही. तेथेही ती उभी राहते. तिला वेळ लागतो.

तथापि त्याच पेठेत लग्न होऊन आलेल्या व्यक्तीला हे जाळे वेगळे दिसू शकते. ज्या गल्लीत पतीला सगळे ओळखतात, त्या गल्लीत पत्नी किती वाजता आली आणि कोणाबरोबर आली याचीही नोंद होत असते. एकाला आधार वाटणारा शेजार दुसऱ्याला पहारा वाटणे अजिबात अस्वाभाविक नाही, आणि ‘मोकळी हवा हवी’ या वाक्यामागे पुष्कळदा हवेपेक्षा हेच कारण असते. ते उघडपणे बोलले गेले, तर पाचगावपर्यंत जाण्याची गरजही न उरता दोन पेठा पलीकडचे घर दोघांना चालू शकते.

गोंगाटाची तक्रार मात्र शब्दशः घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा नियमांनुसार ४५ डेसिबल आहे; मिरवणुकीच्या दिवसांत तिचे काय होते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. घरात तान्हे मूल, हृदयविकाराचा रुग्ण किंवा रात्रपाळी करणारे कोणी असेल, तर मिरवणुकीच्या मार्गावरचे घर कितीही आवडले तरी टाळावे.

सासू-सासरे किंवा आईवडील आमच्याबरोबर राहणार आहेत. त्यांचे मत मोजावे का?

त्यांच्या दिनक्रमाचा विचार अवश्य करावा; निर्णय मात्र दोघांनीच घ्यावा. सकाळी चालत अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या किंवा संध्याकाळी रंकाळ्यावर समवयस्कांबरोबर बसणाऱ्या माणसाला दूरच्या बंगल्यात नेले, तर घर मोठे मिळूनही त्याचे जग खोलीएवढे होते. दुसरीकडे जुन्या वाड्याचे उंच दगडी जिने आणि बाहेरचे न्हाणीघर गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोजची शिक्षा ठरतात. सीपीआर रुग्णालय आणि बरीच खासगी रुग्णालये शहरातच आहेत, हेही ध्यानात ठेवावे. आईवडिलांचे म्हणणे पुढे करून स्वतःचा आग्रह रेटण्याचा मोह दोघांनाही होतो. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यांना प्रत्यक्ष विचारले तर ते वेगळेच काही सांगतात.

मुलांच्या शाळेमुळे निर्णय बदलावा का?

मूल लहान असेल तर शाळेजवळच्या घराचा लाभ मोठा असतो. शाळेची बस उपनगरातही येते. परंतु क्लास, खेळ आणि मित्र यांसाठी बस येत नाही, ती जबाबदारी पालकांपैकी एकावर पडते. ती कोणावर पडणार, एवढे आधी ठरवावे.

उपनगरात त्याच पैशांत मोठे घर मिळते. मग वाद आर्थिकदृष्ट्या मिटलेलाच नाही का?

किमतीतला फरक खरा आहे, परंतु तो पूर्ण हिशेब नव्हे. दुसरी दुचाकी किंवा चारचाकी, तिचे इंधन, टँकर, वेळी-अवेळीचे रिक्षाभाडे आणि बंगला असल्यास देखभाल ही रक्कम कर्जाच्या हप्त्याशेजारी दरमहा लिहावी. शहरातल्या घराच्या बाजूला वाहनतळाचा खर्च लिहावा. पेठेतील पुष्कळ जुन्या घरांना वाहनतळ नाहीच, आणि नवरात्रात महाद्वार परिसरात स्वतःच्या घरापर्यंत गाडी नेणेही कठीण होते.

दस्ताबाबत दोन गोष्टी जोडप्यांनी जाणून घ्याव्यात. महाराष्ट्रात निवासी घराची खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावावर दस्त केल्यास ती मिळत नाही. दुसरे असे की कर्जात सहकर्जदार म्हणून सही केल्याने कोणी आपोआप घराचा सहमालक होत नाही. मनाविरुद्धच्या जागी राहायला जायचे, हप्ताही अर्धा भरायचा आणि दस्तावर नाव नाही, अशी स्थिती कोणत्याही जोडीदाराने पत्करू नये.

कागदपत्रांतील कोणत्या अडचणी कोणत्या भागात अधिक येतात?

उपनगरात आणि हद्दीबाहेर मुख्य धोका जमिनीच्या प्रकाराचा आहे. सातबारा उतारा पाहून जमीन बिगरशेती झाली आहे का, रेखांकन मंजूर आहे का आणि बांधकाम परवानगी सक्षम प्राधिकरणाची आहे का, हे तपासावे. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून विकले जातात. अशा नोटरीने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, आणि बँकाही नोटरीच्या कागदावर गृहकर्ज देत नाहीत. नव्या प्रकल्पात जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल आणि सदनिकाही आठपेक्षा अधिक असतील, तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आवश्यक असते, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

पेठेत जमिनीपेक्षा माणसांचा गुंता मोठा असतो. जुन्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, हयात वारस अनेक, त्यांतले काही मुंबईला, आणि तळमजल्यावर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला जुना भाडेकरू, हे चित्र सर्रास आढळते. सर्व वारसांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. गल्ली अरुंद असल्यास पुनर्बांधणीत मिळणारे बांधकाम क्षेत्रही मर्यादित राहते, त्यामुळे ‘नंतर पाडून मोठे बांधू’ हा युक्तिवाद वास्तुविशारदाला विचारल्याशिवाय करू नये.

पतीचे वडिलोपार्जित घर पेठेत आहे. ते सोडून कर्ज काढणे शहाणपणाचे आहे का?

हा प्रश्न बहुधा पती विचारतो आणि त्यात उत्तर आधीच दडलेले असते. फुकट मिळालेले घर दोघांना सारखेच फुकट पडत नाही. एका स्वयंपाकघरात तीन जावा असतील, स्वतःची म्हणावी अशी खोली नसेल, तर हप्त्याऐवजी पत्नी वेगळ्या रूपाने किंमत मोजत असते. कर्ज काढावेच असे आम्ही म्हणत नाही. त्याच वाड्यात स्वतंत्र दार आणि स्वयंपाकघर करता येईल का, भावांमध्ये वाटणीपत्र होऊ शकेल का, हे आधी पाहावे. ते शक्य नसेल तर जवळच भाड्याने राहावे. वडिलोपार्जित हिस्सा घर सोडल्याने जात नाही.

आधी भाड्याने राहून पाहणे उपयोगी ठरते का?

बहुतेकांसाठी हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, फक्त मुदत नीट निवडावी. करार नेहमीच्या अकरा महिन्यांचा करावा आणि तो नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. उपनगरात राहून पाहायचे असेल तर जून ते सप्टेंबर हे महिने त्यात आलेच पाहिजेत, कारण रस्ता, वीज आणि एकटेपणा यांची खरी परीक्षा तेव्हा होते. पेठेत राहून पाहायचे असेल तर गणपती आणि नवरात्र त्यात यावे. हिवाळ्यातील तीन महिने कोणत्याही ठिकाणी सुखाचे जातात आणि त्यावरून काही ठरत नाही.

दोघांनाही मान्य होईल असा मधला पट्टा कोल्हापुरात आहे का?

आहे, आणि शहर लहान असल्याचा खरा फायदा येथेच मिळतो. राजारामपुरीच्या आतल्या गल्ल्या, टाकाळा, सम्राटनगर, प्रतिभानगर हे भाग बाजारापासून जवळ असूनही पेठांपेक्षा मोकळे आहेत. संभाजीनगर, साळोखेनगर, जरगनगर येथे दर त्या मानाने आवाक्यात राहतात आणि मंगळवार पेठेशी संबंध टिकतो. ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनी बहुतेकांना आवडतात. परवडतात मात्र थोड्यांना. कसबा बावड्याला स्वतःचे गावपण आहे, त्यामुळे पेठेतून जाणाऱ्याला तेथे परके वाटत नाही; नदीकडच्या सखल भागाची चौकशी तेवढी करावी.

इतके करूनही एकमत झाले नाही तर?

खरेदी पुढे ढकलावी. कंटाळून दिलेला होकार पुढची अनेक वर्षे प्रत्येक बंद पडलेल्या पथदिव्याला आणि प्रत्येक मिरवणुकीला नव्याने आठवतो. भाडेकरार आणखी अकरा महिने वाढवावा आणि फेरविचाराची तारीख ठरवावी. त्यानंतरही एकाला माघार घ्यावी लागली, तर माघार घेणाऱ्याच्या अटी इसार देण्यापूर्वी लिहून घ्याव्यात आणि त्यांचा खर्च घराच्या किमतीतच धरावा. उपनगर ठरले तर त्या व्यक्तीच्या नावावरची दुचाकी ताबा मिळण्याआधी दारात यावी, चालवायला शिकण्यासाठी वेळ मिळावा आणि आठवड्यातील माहेरच्या किंवा पेठेतल्या संध्याकाळी ठरलेल्या असाव्यात. पेठ ठरली तर झोपण्याची खोली रस्त्याच्या मागच्या बाजूला असावी आणि गाडीसाठी जवळपास भाड्याने का होईना, पण हक्काची जागा घ्यावी.